डोहमायले नारळ चालत नाई

नाचणगाव,
दि. १० जून २०२४

चि. माधवीस,
अ. उ. आशीर्वाद व जय भीम.

तू फोन करून राह्यलीस म्हणे, आमच्या प्रफुल्लनं सांगितलं. मी फोन घेत नाई, हे तुले ठाऊक आहे. कानाची मशीन लावली का फोन शिट्ट्या मारते, अन् काढली का तू काय म्हणते ते समजत नाई. दुसरी गोष्ट, फोनवर माणूस नुसता भांडते. पत्रात त्याले थोडा तरी इचार करावा लागते. म्हणून लिहून राह्यलो.

तुही आई जिजाबाई परवाच्या लग्नात भेटली. तिनं सांगितलं का माधवीनं कादंबरी लिहिली. मले वाटलं, वा! बापामागं पोरीनं दुकान सांभाळलं, झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं राहू राहू कादंबरी लिहिली, घराण्याचं नाव काढलं. मंग इचारलं का कशावर. तं म्हणे पाण्याखालचं राज्य, उडती नाव, माशाच्या तोंडाचे शिपाई, अन् दारावर बसणारी कोणती तरी माय. माह्या हातातला बुंदीचा लाडू तसाच राह्यला.

माह्या बापानं, म्हणजे तुह्या आजोबानं, दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सारे देव टोपलीत भरले अन् नदीत सोडले. मी आठ वर्षाचा होतो. टोपली माह्याच डोक्शावर होती. त्या दिवसापासून या घरात देवी नाई, भूत नाई, करणी नाई. अन् तू आता घरी बसून नवी माय बनवून राह्यली? काऊन? जुन्या कमी पडल्या का?

लिहायचं तं आजोबाचं लिही. त्याईनं किती सोसलं ते लिही. लोकं मान देतील. तुले मी ओसरीत बसवून खडूनं अक्षरं शिकवली, ते राक्षसं लिहायले नाई शिकवली.

मोठी आई बरी आहे, तिचा गुडघा तसाच आहे. राग मानू नको, पण इचार करजो.

तुहा,
मोठा बाबा


जाम,
दि. १९ जून २०२४

ती. मोठे बाबांस,
सा. जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा तुमच्याच बाजूनं मान हलवली. घरात आता एकाला दोन झाले. हरकत नाही.

तुम्हाला एक गंमत सांगते. कादंबरी मी पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवली होती. त्यांचा फोन आला. फार गोड बोलले. भाषा छान आहे म्हणाले, पण हे जादूबिदू तुम्ही कशाला लिहिता, तुमच्याकडे अस्सल अनुभव आहे, वस्तीचं लिहा, आजोबांचं लिहा, जे भोगलं ते लिहा. मी त्यांना म्हटलं, सर, मी आजवर भोगलं ते एवढंच की ऐन परीक्षेच्या फॉर्मांच्या गर्दीत लाइट जाते. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

मग तुमचं पत्र आलं आणि त्यात तेच! तुम्ही आणि ते पुण्याचे सर एका बाकावर बसलेले पाहून मला आधी हसू आलं आणि मग, खरं सांगते, रडू आलं. दुसऱ्यांच्या पोरांनी उडते घोडे लिहायचे आणि आपल्या पोरीनं फक्त दुःख लिहायचं, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय? आजोबांनी टोपली सोडली मोठे बाबा, डोकं नाही सोडलं. देव सोडले म्हणजे गोष्टीही सोडल्या, असं त्यांनी कुठे म्हटलं होतं?

आणि माझी डोहमाय देवी नाहीच. ती पाण्याखालच्या राज्याच्या दाराशी बसते, चिडकी आहे, पान खाते. कोणीही आलं की एकच प्रश्न विचारते, सांग, तुझ्या हातचं काय आहे? राजा मुकुट दाखवतो तर ती म्हणते, हा सोनारानं केला, तुझं काय ते सांग. खरं उत्तर दिलं तर दार उघडते. आणि कोणी नारळ-फुलं घेऊन लाडीगोडी लावायला आलं की त्याचं तोंड माशाचं करून टाकते. ते शिपाई तिथून आले. पूर्ण अकरावं प्रकरण त्याचंच आहे. तुम्ही वाचलं असतं तर लाडू खाल्ला असता.

तर आता मी ही कादंबरी स्वतःच छापणार आहे. अख्ख्या समुद्रपूर तालुक्याच्या लग्नपत्रिका मीच टाईप करते. माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, हे वाक्य माझ्या बोटांना पाठ झालंय. ज्या बोटांनी लोकांच्या मावश्यांची लग्नं लावली, त्यांना माझं एक पुस्तक जड नाही. हट्टी म्हणाल तर म्हणा. हट्ट मी तुमच्याच ओसरीत शिकले.

मोठ्या आईला गुडघ्यावर शेक घ्यायला सांगा. रागवायचं तितकं रागवा, फक्त लोभाचं खातं बंद करू नका.

आपली,
माधवी


जाम,
दि. २० सप्टेंबर २०२४

ती. मोठे बाबांस,
सा. जय भीम, वि. वि.

तीन महिने तुमचं उत्तर नाही. म्हणजे इचार चालू आहे असं मी धरते.

पुस्तक आलं! ‘डोहमायचं दार’. कव्हरवर खाली माझं नाव, माधवी लिहिलंय आणि पुढे बाबांचंही. नागपूरहून आलेले गठ्ठे उतरवून घेतले तेव्हा आईनं पहिली प्रत हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली की शाई बरी आहे. तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

पण एक घोटाळा झालाय, तो दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. गोष्ट बोर धरणाच्या पाण्याखाली घडते, म्हणून जाहिरातीचा एक फ्लेक्स हिंगणीच्या फाट्यावर लावावा असं माझ्या डोक्यात आलं. शेजारच्या दुकानातल्या रोशनला सांगितलं की डोहमायचं चित्र टाक. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाईचं चित्र म्हणजे एक तर नवरी, नाहीतर नवरात्रातली देवी. त्यानं देवीचा चेहरा घेतला, हिरवा केला, खांद्यावर खवले चिकटवले आणि मागे तेजाचं चक्र तसंच राहू दिलं. खाली मोठ्या अक्षरात माझंच वाक्य होतं, ‘ती येत आहे!’ पुस्तकाचं नाव आणि माझा नंबर इतका बारीक की तो वाचायला फ्लेक्सला नाक लावावं लागेल. मीही घाईत होते, ठीक आहे म्हटलं आणि लावून टाकला.

चौथ्या दिवशी फ्लेक्सखाली नारळ!

तिथे विमलाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांची म्हैस हरवली होती. फ्लेक्सपुढे हात जोडून घरी गेल्या तर म्हैस गोठ्यात उभी. त्यांनी नारळ ठेवला, कुंकू लावलं. मग काय विचारता! आता तिथे शेंदूर लावलेला दगड आहे, अगरबत्त्या आहेत, शनिवारी रांग लागते. माझ्या डोहमायपुढे नारळ, मोठे बाबा! अकराव्या प्रकरणाप्रमाणे अर्ध्या हिंगणीचं तोंड आत्तापर्यंत माशाचं व्हायला पाहिजे होतं.

पहिले दोन दिवस मी आणि रोशन पोट धरून हसलो. आता हसू येत नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, तरी म्हणा.

आपली वाट पाहणारी,
माधवी


नाचणगाव,
दि. २६ सप्टेंबर २०२४

माधवीस आशीर्वाद.

मी म्हणलं नव्हतं? म्हणलं नव्हतं का मी?

माह्या बापानं टोपलीभर देव पाण्यात सोडले अन् त्याच्या नातीनं त्याच पाण्यातून एक बाहेर काढला. वा रे वा! प्रफुल्लच्या मोबाइलवर फोटो पाह्यला. हिरवं तोंड, मागं चक्र. विहारात मले दोघातिघाईनं इचारलं का लहानूजी, तुमच्या पोरीनं देवीचं काढलं म्हणे. मी मान खाली घालून घरी आलो. शहात्तर वर्षात अशी मान खाली घातली नव्हती.

आता एकच सांगतो. थो फ्लेक्स आजच्या आज काढून घे, पुस्तकं गोठ्यात टाक अन् चूप बस. अन् तसं करणं जमत नसंल तं तिथं जाऊन सांग का हे खोटं आहे. दोन्हीपैकी एक कर. मधात लटकून राहू नको. मधात लटकणाराचा मले लय राग आहे.

मोठा बाबा


जाम,
दि. २ ऑक्टोबर २०२४

ती. मोठे बाबांस,
सा. जय भीम, वि. वि.

फ्लेक्स काढायला मी तुमचं पत्र येण्याआधीच गेले होते. काढू दिला नाही. हिंगणीचे कैलासभाऊ आडवे आले. त्यांचं फाट्यावर हॉटेल आहे, आणि दर निवडणुकीत ते फॉर्म भरतात व शेवटच्या दिवशी परत घेतात. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि ताई ताई करत सगळं समजावून सांगितलं.

दगडावर टिनाचं शेड येणार आहे. ट्रस्ट होणार आहे. माझं पुस्तक ते पोथी म्हणून छापून घ्यायला तयार आहेत, हजारोंनी. मी फक्त अष्टमीच्या कार्यक्रमात माइकवर एवढं सांगायचं की ही गोष्ट मला डोहमायनं स्वप्नात येऊन सांगितली. अकरावं प्रकरण तेवढं काढू म्हणाले, भक्तांच्या भावना दुखावतात. आणि कव्हरवर माझं नाव नको. मी विचारलं की का. तर म्हणे पोथीवर माणसाचं नाव शोभत नाही, ‘एक भक्त’ असं टाकू. मग चहाचा घोट घेऊन हळूच म्हणाले की ताई, तुम्ही समजदार आहात, आडनावावरून लोक नाही नाही ते विचारतात.

कळलं ना? माझी माय त्यांना चालते, मी चालत नाही.

कप खाली ठेवला आणि उठले. कार्यक्रमाला येते म्हटलं, काय बोलेन ते नाही सांगितलं.

आई म्हणते, हो नको म्हणू आणि नाहीही नको म्हणू, ताप आला म्हणून घरी झोप. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणते. रात्री जेवली नाही. तिची भीती खोटी नाही, मलाही भीती वाटते. भर मांडवात आपल्या घरच्या पोरीनं उठून म्हणायचं की तुमची देवी मी बनवली, याचा अर्थ काय होऊ शकतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

पण मोठे बाबा, तुम्ही म्हणता तसं मी म्हणणार नाही. ती खोटी आहे असं मी नाही म्हणणार. ती माझी आहे. चार वर्षं मी तिला घडवलं, तिच्या तोंडात पान मी दिलं, तिचा प्रश्न मी शोधला. नाव काढलं की ती कोणाचीही होते. नाव मी काढू देणार नाही, मग पुस्तकं गोठ्यात कुजली तरी चालतील.

अष्टमीला तुम्ही नेहमीप्रमाणे नागपूरला निघाल. तिथे माझ्या वाटची एक मेणबत्ती लावा. माया असू द्या, आत्ता तिचीच गरज आहे.

आपली,
माधवी


नाचणगाव,
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. माधवीस,
अ. उ. आशीर्वाद व जय भीम.

नागपूरहून काल वापस आलो. गर्दी बम होती. तुह्या वाटची मेणबत्ती लावली.

आता तुले एक गोष्ट सांगतो, आईले सांगू नको. नागपूरले जायच्या रस्त्यात हिंगणी लागत नाई, सेलूवरून वाकडं जावं लागते. प्रफुल्लले म्हणलं, घे वाकडं. अष्टमीले मी तुह्या त्या मांडवात होतो. मागं कडुलिंबाखाली बसलतो, काठी हातात धरून. कोणी तुह्या अंगावर आलं असतं तं शहात्तर वर्षाचा म्हातारा काय करणार होता, ते इचारू नको. काठी होती.

पण फजिती अशी झाली का भोंगे लय मोठे लावलते. कानाची मशीन नुसती शिट्ट्या मारून राह्यली. काढली तं सारं ठप्प. अन् प्रफुल्ल गाडी लावायले गेलता तो तिकडंच अडकला. तवा मी नुसतं पाह्यलं, ऐकलं काहीच नाई.

तू निळी साडी नेसलती. त्या कैलासनं तुले शाल दिली, मंग माइक दिला. तू बोलली. आधी कैलासचे दात दिसत होते, मंग दिसेनासे झाले. त्यानं माइक ओढला, तू सोडला नाई. समोरचे चारसहा पोट्टे उभे राह्यले. मी बी उभा राह्यलो. मंग एक म्हातारी हातात नारळ घेऊन थेट स्टेजवर चढली अन् तिनं नारळ वर उचलला. मले वाटलं, हाणते आता पोरीच्या डोक्शात. मी दोन पावलं धावलो, खरं सांगतो. तं तिनं तो स्टेजच्या काठावर फोडला. मंग लोकं हसाले लागले. अन् तुकडे वाटले. एक तुकडा माह्या बी हातावर आला. मी खाल्ला. प्रसाद खाल्ला का नुसतं खोबरं, मले काही समजलं नाई!

तुले भेटलो नाई. तुह्याभवती लोकं होते, अन् भेटून काय म्हणावं ते सुचलं बी नाई.

तवा तू काय बोलली ते लिहून पाठव. जसंच्या तसं. अन् एक पुस्तक पाठव.

काळजी घेजो,
तुहा मोठा बाबा


जाम,
दि. १९ ऑक्टोबर २०२४

ती. मोठे बाबांस,
सा. जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर रडले. तो बिचारा आधार कार्डाची झेरॉक्स न घेताच गेला.

काठी घेऊन कडुलिंबाखाली बसला होतात! आणि मला वाटत होतं की त्या मांडवात माझं कोणी नाही. बरं, जसंच्या तसं लिहिते.

मी आधी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. मग म्हटलं की डोहमाय मला स्वप्नात आली नाही. ती एका मंगळवारी माझ्या दुकानात आली, एक लग्नपत्रिका आणि एक सातबारा यांच्या मधल्या वेळात, कारण मी तिला बनवली. तिचा चेहरा रोशनच्या कॉम्प्युटरमधला आहे. तिचा स्वभाव माझा आहे. तेव्हा कैलासभाऊंनी माइक ओढला. मी सोडला नाही, सोडला असता तर पुन्हा कधी हाती आला नसता.

मग म्हटलं की तुम्ही तिला नारळ देता, पण ती काय मागते ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. ती नारळ मागत नाही, तिला नारळाचा राग आहे. ती एकच गोष्ट विचारते, की सांग, तुझ्या हातचं काय आहे? इथे जमलेल्यांपैकी कोणी कापूस पिकवला, कोणी भिंती बांधल्या, कोणी पोरं वाढवली. तुमच्याकडे उत्तरं आहेत, तिला तीच द्या. आणि मला तिनं विचारलं तर मी सांगेन, माझ्या हातची तूच आहेस. म्हणून या पुस्तकावर माझं नाव राहील, आणि अकरावं प्रकरणही राहील. एवढंच बोलले.

पोट्टे उठले, शिव्याही आल्या. त्या तुम्हाला ऐकू आल्या नाहीत ते बरंच झालं. तेवढ्यात त्या विमलाबाई वर आल्या, म्हैसवाल्या. मलाही वाटलं की आता नारळ डोक्यात बसतो. त्यांनी मला विचारलं की हिले नारळ चालत नाई, हे नक्की का? मी म्हटलं, नक्की. तर म्हणाल्या, मंग कायले सडवता, आपण खाऊ! आणि फोडला. अर्धा मांडव हसला, आणि हसलेली माणसं मारायला उठत नाहीत. जाताना त्यांनी पुस्तक मागितलं. त्यांना वाचता येत नाही, नात अंकिता वाचून दाखवते. परवा तिचा फोन आला होता. आजी विचारते म्हणे की पुढच्या भागात डोहमायले म्हैस देता येईल का.

सगळं गोड झालं असं समजू नका. दगड आणि शेंदूर तिथेच आहे, शेडचे खांबही उभे झाले. कैलासभाऊंच्या माणसांनी पत्रिकांचं काम दुसरीकडे नेलं. रविवारी सकाळी दुकान उघडायला गेले तर शटरवर डांबर फासलेलं. आई खाली बसली. मी तिला पाणी दिलं, रोशनकडून पांढरा रंग आणला आणि त्याच काळ्यावर हातभर अक्षरात लिहिलं, ‘डोहमायचं दार येथे मिळेल. लेखिका आत बसली आहे.’ हायवेवरचे ट्रकवाले थांबून वाचतात. दोघांनी विकत घेतलं.

पुस्तक सोबत पाठवत आहे. आवडलं नाही तर तसं लिहा, पण वाचून लिहा. प्रेम होतं तसंच असू द्या, काठीसकट.

आपली,
माधवी


नाचणगाव,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. माधवीस,
अ. उ. आशीर्वाद व जय भीम.

वाचलं. चष्मा पुसू पुसू वाचलं, म्हणून टाइम लागला.

सातव्या प्रकरणातली लढाई लय लांबली. घोडे तीन दिवस धावतात अन् कोणी त्याईले पाणी पाजत नाई. हे बरं नाई. अकराव्या प्रकरणात मी असा हसलो का मोठी आई गुडघा विसरून धावत आली. मंग तिले बी वाचून दाखवलं. ती म्हणते, अशी एक माय प्रत्येक आमदाराच्या दारात बसवा.

एक मोठी चूक आहे. तुह्या राणीचा बाप देवाची टोपली नदीत सोडते अन् टोपली पोहत पोहत निघून जाते, असं तू लिहिलं. ते तू लहानपणी माह्याच तोंडून ऐकून घेतलं. आजोबाचं लिही म्हणून मी तुले शिकवत होतो, अन् ते तं तू आधीच लिहून ठेवलतं. पण टोपली तशी गेली नाई पोरी. काठाच्या झुडपात अडकली. गावातले लोकं पाहून राह्यलते. बापानं काठी घेतली, पाण्यात उतरला अन् ढकलली. दुसरी आवृत्ती काढशील तवा दुरुस्त करजो. ढकलावी लागली, हे लोकाईले समजलं पाह्यजे.

विहारात परवा पुन्हा इचारलं, तुमच्या पोरीनं देवीचं काढलं म्हणे. मी म्हणलं, देवीचं नाई, कादंबरीचं काढलं, अन् पाच प्रती पाह्यजेत. तवा पाठव.

आता शेवटचं. तुही ती बाई माह्या बी मागं लागली. उठता बसता इचारते, सांग लहानू, तुह्या हातचं काय आहे? दारूगोळ्याच्या डेपोत चौतीस वर्षं पेट्या बंद केल्या, पण त्या पेट्या माह्या नव्हत्या. घर मिस्त्रीनं बांधलं. प्रफुल्लले मोठ्या आईनं वाढवलं, मी तं ड्युटीवर. लय दिवस उत्तर सापडलं नाई. मंग काल ओसरीत बसलो अन् खाली फरशीकडं पाह्यलं. इथंच एका चार वर्षाच्या पोट्टीचा हात धरून खडूनं क गिरवलता. ती सारखा उलटा काढे अन् म्हणे, माहा असाच आहे.

ते माह्या हातचं आहे. तिले सांगजो, अन् दार उघडते का ते कळवजो.

फोन करू नको. लिहिजो.

तुहा,
मोठा बाबा